माझदा: हिरोशिमाच्या कंपनीची जिद्द की हट्ट?

घाटवाट

गाड्यांच्या धाग्यांवर टोयोटा, होंडा, सुझुकी यांच्याबद्दल आपण भरपूर बोललोय. माझदावर मात्र इथे एकही स्वतंत्र धागा सापडला नाही. कामानिमित्त दीड वर्ष हिरोशिमात राहिलो, तेव्हा या कंपनीची जवळून ओळख झाली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

सुरुवात बुचापासून झाली. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात युरोपातलं बूच येईनासं झालं होतं, म्हणून जपानमधल्याच एका ओकच्या सालीपासून बूच बनवायचा हा धंदा. पुढच्याच वर्षी सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. कोळ्याच्या घरातला माणूस, लहान वयात ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकलेला. १९२५ला कारखान्याला आग लागली, आणि मात्सुदांनी बुचाचा नाद सोडून यंत्रं बनवायला घेतली. १९२७ला नावातलं 'कॉर्क' गेलं, राहिलं 'तोयो कोग्यो'. १९३१ला पहिलं वाहन आलं: पुढून मोटारसायकल, मागून मालाचा हौदा, असा तीनचाकी ट्रक. फोटो पाहिलात तर आपल्याकडचे जुने तीनचाकी टेम्पो आठवतील.

आता ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी जुजिरो मात्सुदांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. कारखाना फुचू गावात, स्फोटाच्या केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. मी तिच्यावर दोन-तीनदा चढलोय. सत्तरेक मीटर उंची, चालत दहा-पंधरा मिनिटांत माथा येतो. एवढ्याशा टेकडीने कारखान्याला आडोसा दिला. शहरात कामाला गेलेले कामगार मात्र गेले ते गेलेच, आणि मात्सुदांचा एक मुलगाही. शहरात धड इमारत उरली नव्हती, म्हणून हिरोशिमा प्रांताचं सरकारी कार्यालय जवळजवळ वर्षभर या कंपनीच्या मुख्य इमारतीत भरलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी ट्रक पुन्हा बनायला लागले. चार महिन्यांत. शहर उभं करायला लागणारा माल ज्या गाड्यांवरून आला, त्यात या गाड्या होत्या. हिरोशिमाची जुनी माणसं माझदाबद्दल जे बोलतात, ते कुठल्याही गाडीच्या कंपनीबद्दल मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

माझा प्रश्न यानंतरच्या काळाबद्दल आहे. १९६०च्या सुमारास जपान सरकारच्या मनात गाड्यांच्या छोट्या कंपन्या मोठ्या कंपन्यांत मिसळून टाकायचं घाटत होतं. आपलं वेगळं अस्तित्व ठेवायचं तर आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी पाहिजे, असं त्यावेळचे प्रमुख त्सुनेजी मात्सुदा यांनी ठरवलं. १९६१ला त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी रोटरी इंजिनासाठी करार केला. परवाना घेणारे ते एकटे नव्हते. जनरल मोटर्स, मर्सिडीज, रोल्स रॉइस, निसान, टोयोटा सगळ्यांनी घेतला होता. शेवटपर्यंत टिकली ती माझदा.

या वाटचालीत कंपनी दोनदा तरी बुडता बुडता वाचली. म्हणून विचारतो: माझदाचं जे नाव आहे ते या जिद्दीमुळे आहे, की हा हट्ट होता आणि कंपनी त्याच्यासकट कशीबशी जगली?

---

मोगरी

छान लिहिलंय. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण टेकडीचं वाचून थबकले. रोटरी इंजिन म्हणजे नेमकं काय, ते कुणी माझ्यासारखीला कळेल असं सांगेल का?

---

टॉर्कपाना

मोगरीताई, सांगायचा प्रयत्न करतो. साताऱ्याला माझं गॅरेज आहे. रोटरी मी एकदाच उघडलेलं पाहिलंय, पण त्या एका वेळेनंतर त्याच्याबद्दल वाचायचं थांबलो नाही.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. हे सरळ रेषेतलं जाणं-येणं क्रँक फिरवून गोल करावं लागतं. रोटरीत मुळात फिरणंच आहे. मधून किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे सतत डब्याच्या भिंतीला लागलेले असतात. त्यामुळे तीन कप्पे तयार होतात आणि फिरता फिरता लहान-मोठे होतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येतंय, दुसऱ्यात दाबलं जाऊन पेटतंय, तिसऱ्यातून धूर बाहेर जातोय, सगळं एकाच वेळी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. म्हणून इंजिन लहान, हलकं, आणि थरथर जवळपास नाहीच. जपानी लोक त्या त्रिकोणाला ओनिगिरी म्हणतात, म्हणजे त्यांचा त्रिकोणी भाताचा मुटका.

सगळं दुखणं त्या तीन कोपऱ्यांवर. प्रत्येक कोपऱ्यावर एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पिस्टनच्या रिंगचं जे काम तेच हिचं, पण रिंगपेक्षा फार वाईट परिस्थितीत. सुरुवातीच्या इंजिनांत ही पट्टी थरथरायची आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे उठायचे. माझदाच्या इंजिनिअरांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव दिलं होतं.

---

घाटवाट

टॉर्कपाना, फार छान समजावलंत. त्या ओरखड्यांचीच गोष्ट पुढे नेतो.

१९६३ला कंपनीत रोटरीचा स्वतंत्र विभाग निघाला. प्रमुख केनिची यामामोतो, हाताखाली धरून एकूण ४७ इंजिनिअर. जपानमध्ये ४७ रोनिनांची गोष्ट पोराटोरांना माहीत असते, मालकासाठी प्राणाला उदार झालेल्या सामुरायांची, त्यामुळे हेच नाव त्यांना चिकटलं. यामामोतो स्वतः हिरोशिमाचे. त्यांची बहीण अणुबॉम्बमध्ये गेली. युद्धानंतर ते तोयो कोग्योत लागले ते तीनचाकी ट्रकच्या कारखान्यात साधं हातकाम करायला. पदवीधर इंजिनिअर असूनही.

सीलसाठी त्यांनी काय काय वापरून पाहिलं असेल! आधी पोकळ ओतीव लोखंडाची पट्टी केली, तिने थरथर थांबली. प्रत्यक्ष गाडीसाठी शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील जमलं. ३० मे १९६७ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. दोन रोटर, प्रत्येकी ४९१ सीसी, ११० अश्वशक्ती. एकूण बनल्या ११७६. इतक्या थोड्या गाड्यांसाठी सहा वर्षं.

त्याच वर्षी मूळ मालक एनएसयूनेही रोटरीची आरओ ८० काढली. तिची सीलं इतक्या लवकर झिजली की वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खंगली, आणि १९६९ला फोक्सवागनच्या पोटात गेली. कॉस्मो मात्र १९६८ला जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत उतरली आणि चौथी आली.

---

अनुस्वार

मुख्य चर्चेत थोडा वेगळा मुद्दा, पण नाव आलंय तर सांगते. 'माझदा' हे नाव पारशांच्या देवाचं, अहुर मज्द याचं. प्रकाशाचा, शहाणपणाचा देव. कंपनी स्वतःही हेच सांगते, आणि जोडीला संस्थापकांचं आडनाव मात्सुदा. गंमत उच्चारात आहे. जपानी लिपीत कंपनीचं नाव 'मात्सुदा' असंच लिहितात, तसंच वाचतात. रोमन अक्षरांत लिहिलं की 'माझदा' होतं. एकाच पाटीवर संस्थापकही आणि देवही.

माझं बालपण दादरच्या पारशी कॉलनीच्या कडेला गेलं. शेजारच्या मावशींच्या तोंडी ते नाव रोज असायचं. पुढे 'स्वराज माझदा'च्या बसवर तेच नाव दिसलं तेव्हा वाटलं, बस पारशी माणसाची असणार.

---

हिशोबनीस

स्वराज माझदाचा उल्लेख आला हे बरं झालं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे हलक्या ट्रकसाठी चार जपानी भागीदाऱ्या झाल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. स्वराज माझदा पंजाबातली, १९८३ची. महाराष्ट्रात शाळेच्या, कंपन्यांच्या कितीतरी मिनीबस याच होत्या. पुढे जपानचीच इसुझू कंपनी आली आणि २०११ला नाव बदललं. माझदाची कार अशी भारतात रीतसर कधी विकली गेली नाही, त्यामुळे आपल्या पिढीला माझदा म्हणजे बसच.

आता मूळ प्रश्न. घाटवाट, तुमचं लिखाण आवडलं, पण मी हिशोबाच्या बाजूने बोलणार. माझ्या मते तो हट्ट होता.

१९७०ला माझदा अमेरिकेत गेली आणि सुरुवातीला रोटरी तिथे गाजली. ऑक्टोबर १९७३ला तेलसंकट आलं. अमेरिकी सरकारच्या तक्त्यात रोटरी गाड्यांचं ॲव्हरेज गॅलनला दहा-अकरा मैलांच्या आसपास छापून आलं. आपल्या भाषेत लिटरला साडेचार किलोमीटर. पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या असताना ही गाडी कोण घेणार? न विकलेल्या गाड्यांचा ढीग साचला. कर्ज देणाऱ्या सुमितोमो बँकेने माणसं पाठवून कारभार हातात घेतला, कारखान्यातल्या हजारो कामगारांना दुकानोदुकानी गाड्या विकायला धाडलं. १९७७ला मात्सुदा कुटुंबाला प्रमुखपद सोडावं लागलं. १९७९ला फोर्डने साधारण पाव हिस्सा घेतला. त्सुनेजींनी ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरी आणली, ते रोटरीनेच घालवलं असं मला दिसतं.

---

टॉर्कपाना

हिशोबनीस, आकडे बरोबर आहेत, पण ॲव्हरेज इतकं का पडलं त्यात एक खाच आहे. रोटरीचा जळण्याचा कप्पा लांबट आणि चपटा. ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. ७०च्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले. माझदाने तोड काढली की एक्झॉस्टजवळ एक भट्टीच बसवायची आणि उरलेलं पेट्रोल तिथे जाळायचं. धूर स्वच्छ झाला, नियम पाळले गेले. पण भट्टी तापती ठेवायची तर इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजावं लागतं. धुराची अडचण सोडवली आणि तिच्यातूनच ॲव्हरेज बसलं. त्यावेळी पेट्रोल स्वस्त होतं, कुणाला चुकीचं वाटलं नाही.

नंतर यामामोतोंच्या लोकांनी पेट्रोल ४० टक्के कमी खायला लावायचा विडा उचलला. त्या मोहिमेचं नाव त्यांनी फिनिक्स ठेवलं. त्यातून १९७८ची रोटरीवरची स्पोर्ट्स कार, आरएक्स-७ आली. पहिल्या पिढीच्या चार लाख सत्तर हजारांहून जास्त गाड्या बनल्या. हिशोबाच्या वहीत हेही जमेला धरा.

---

हिशोबनीस

धरतो. पण कंपनी सावरली ती एकट्या आरएक्स-७मुळे नाही. १९८०ची फॅमिलिया, साधी पिस्टनवाली पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, जपानमधला पहिला 'कार ऑफ द इयर' हा मान तिने मिळवला आणि घराघरांत गेली. संसार साध्या गाडीने चालवला, नाव रोटरीने मिळवलं.

---

निळी_छत्री

मेलबर्नहून लिहितेय. तुम्ही सगळे ज्या माझदाबद्दल बोलताय ती इथल्या बहुतेकांना माहीतच नाही! इथे माझदा म्हणजे रोजची गाडी. २०११ आणि २०१२ अशी दोन्ही वर्षं माझदा ३ ही ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये उभं राहिलं की ते लगेच कळतं.

माझी माझदा ३ अकरा वर्षांची आहे. मुलीने तिच्यावर गाडी शिकली, आता धाकटा शिकतोय. वळणावर ती जशी वळते तशी मी चालवलेली दुसरी कुठलीही गाडी वळली नाही, हे मात्र मनापासून सांगते. शर्यतीचं मला काही कळत नाही, पण स्टिअरिंग फिरवलं की गाडीला मनातलं कळल्यासारखं वाटतं.

---

घाटवाट

निळी_छत्री, तुम्ही म्हणताय त्याला हिरोशिमात शब्द आहे, 'जिनबा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकजीव. घोड्यावरून बाण मारायच्या त्यांच्या जुन्या कलेतून आलेली कल्पना. तो शब्द कंपनीने धरला १९८९च्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी, आणि मग सगळ्याच गाड्यांच्या आखणीत आणला.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. एमएक्स-५चं नाव निघालं आणि राहवलं नाही, कारण माझ्या गॅरेजमध्ये पहिल्या पिढीची उभी आहे.

तिची कथा या चर्चेत हवीच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बॉब हॉल नावाचा अमेरिकन पत्रकार हिरोशिमाला गेला होता. यामामोतोंनी त्याला विचारलं, आम्ही पुढे काय बनवावं? त्याने सांगितलं, साधी, हलकी, उघड्या टपाची, जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी स्पोर्ट्स कार. ती आता कुणीच बनवत नाही. हाच हॉल पुढे माझदाच्या अमेरिकेतल्या कचेरीत लागला. फेब्रुवारी १९८९ला शिकागोच्या प्रदर्शनात गाडी आली. इंजिन कुठलं? फॅमिलियाच्या घराण्यातलं १.६ लिटरचं, सरळसाधं चार पिस्टनचं. रोटरी नव्हे. आणि तिला पाठबळ देणारा माणूस तोच, रोटरीचा यामामोतो.

दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये जगात सगळ्यात जास्त विकली गेलेली म्हणून गिनेसमध्ये तिची नोंद आहे. २०१६ला दहा लाखावी गाडी बनली. म्हणून मला वाटतं, हट्ट रोटरीचा नव्हता. ज्या गोष्टीत चालवणाऱ्याला आनंद आहे ती सोडायची नाही, हा हट्ट. रोटरी त्याचं एक रूप.

---

सर्किटवेडा

फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत कुणीच काढली नाही अजून? २२-२३ जून १९९१. ५५ नंबरची ७८७बी, नारिंगी-हिरवी. चार रोटर. चालक फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट, बर्ट्रांड गॅशो. ३६२ फेऱ्या. रविवारी दुपारी शर्यत संपायला तीनेक तास असताना पुढची मर्सिडीज तापून बंद पडली आणि माझदा पुढे गेली ती गेलीच. हर्बर्टने शेवटची पाळी इतकी ओढली की पाणी कमी पडून तो कोसळला, विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढूच शकला नाही. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. दुसरी जपानी कंपनी जिंकायला २०१८ उजाडलं, आणि ती टोयोटा.

यूट्यूबवर त्या इंजिनाचा आवाज ऐका. हेडफोन लावून ऐका.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगाव्यात, कारण प्रत्येक चर्चेत चुकीच्या येतात. 'माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली' हे खरं नाही. सगळ्यांना ३.५ लिटरची पिस्टन इंजिनं वापरायला लावायचा निर्णय आधीच झालेला होता. १९९१ची शर्यत रोटरीसाठी शेवटची संधी आहे हे माझदाला माहीत होतं. आणि दुसरी, माझदाला वजनात सूट होती, ८३० किलो, तर मर्सिडीज, जॅग्वारला १००० किलो. ती सूट त्यांच्या संघाचे प्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी नियमांच्या बैठकांत मागून मिळवली होती. मला यात कमीपणा दिसत नाही, नियमांचा अभ्यास हाही शर्यतीचा भाग. पण 'रोटरीने सगळ्यांना सरळ हरवलं' असं सांगताना हे लपवू नये.

---

हिशोबनीस

सर्किटवेडा, हे प्रांजळपणे लिहिलंत ते आवडलं.

१९९१ला ल माँ जिंकली तेव्हा कंपनी आतून पोखरत चालली होती, आणि यावेळी रोटरीचा दोष नव्हता. १९८९पासून माझदाने जपानमध्ये पाच वेगवेगळ्या नावांनी दुकानं चालवली: माझदा, अन्फिनी, युनोस, ऑटोझॅम, ऑटोरामा. टोयोटाला पाच साखळ्या आहेत, मग आपल्यालाही हव्यात. एकच गाडी थोडाफार चेहरा बदलून तीन नावांनी विकायची. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, माल पडून राहिला. १९९६ला फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस प्रमुख झाले. जपानी कार कंपनीचा पहिला परदेशी प्रमुख.

हे लिहिता लिहिता माझं मत थोडं हललंय, हे कबूल करतो. पहिल्यांदा माझदा बुडाली ती स्वतःच्या वेगळ्या वाटेमुळे, दुसऱ्यांदा मोठ्यांची नक्कल केल्यामुळे. दुसरी चूक मला जास्त मोठी वाटते. पहिलीतून निदान आरएक्स-७ निघाली.

---

टॉर्कपाना

नाव आणि ख्याती म्हणताय तर डाग पण मांडूया. २००३ची आरएक्स-८ दिसायला आणि चालवायला सुंदर, पण इंजिनाच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत कंपनीला रोटरी इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २०१२ला ती बंद झाली. २०२४च्या जूनमध्ये जपानमध्ये टोयोटा, होंडा, सुझुकी, यामाहा यांच्यासोबत माझदाचंही नाव आलं, सरकारी चाचण्यांत गैरप्रकार केल्याबद्दल. अपघाताच्या चाचणीत एअरबॅग सेन्सरने उघडायची तर ती टायमर लावून उघडली होती. मला याचं वाईट वाटलं. सीलसाठी वर्षं घालवणाऱ्या कंपनीकडून हे अपेक्षित नव्हतं.

पण इंजिनाचा माणूस म्हणून एक दाद द्यायचीच आहे. २०१२च्या आसपास बाकीचे हायब्रिडकडे वळत असताना यांनी साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन १४ला १वर नेलं. इतक्या दाबाला नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटणं, ठरलेलं. त्यांनी एक्झॉस्टचे पाइप लांबवून गरम वायू परत सिलिंडरमध्ये शिरणं थांबवलं, पिस्टनच्या माथ्यावर खळगा केला. पाइप लांब करणं हा काय उपाय झाला, असं वाटतं. पण तोच उपाय होता.

---

मोगरी

सगळं वाचून काढलं, बरंचसं कळलंही. आता रोटरी पूर्ण संपली का? आणि घाटवाटदादा, पुढच्या वर्षी आम्ही जपानला जाणार आहोत. हिरोशिमाला गेलो तर कारखाना बघता येतो का?

---

घाटवाट

मोगरी, संपली नाही. २०२३ला एमएक्स-३० आरईव्हीमध्ये ती परत आली, पण वेगळ्या कामाला. एकच रोटर, ८३० सीसी. चाकं विजेच्या मोटरवर फिरतात, रोटरी फक्त बॅटरीसाठी वीज तयार करते. एका ठरावीक वेगाने फिरत राहायचं असेल तर तिचं लहान आकारमान आणि थरथर नसणं कामी येतं. यामामोतोंनी हे पाहिलं नाही, ते २०१७ला गेले.

फोर्डने २००८पासून हिस्सा विकत विकत शेवटी तो पूर्ण सोडला. आता टोयोटाकडे पाचेक टक्के आहे. हिशोबनीस, स्वातंत्र्य पूर्ण नसेल, पण मुख्य कचेरी अजून फुचूमध्येच आहे.

बघायला मिळतं, हो. संग्रहालय कंपनीच्या आवारातच आहे. आधी नोंदणी करावी लागते. हिरोशिमा स्टेशनहून लोकलने मुकाइनादा स्टेशनला उतरायचं, तिथून मुख्य कचेरी चालत पाच मिनिटांवर. कचेरीतून ते तुम्हाला बसने आत नेतात. १९३१चा तीनचाकी, कॉस्मो स्पोर्ट आणि ५५ नंबरची ७८७बी, तिन्ही आत आहेत. शेवटी गाड्या जुळवण्याच्या ओळीचा एक भाग वरच्या सज्जातून दिसतो.

आणि वेळ असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी हिजियामावर जा. माथ्यावरून एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला फुचू आहे. तिथे उभं राहिल्यावर मी जे वर लिहिलंय ते आपोआप कळतं.